आवास म्हणजे जपून

सौ. यमूस,

मायन्यात आधी ‘चि.’ लिहिण्याची हाताला सवय आहे. आज लेखणी तिथेच अडली. नऊ वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला चिरंजीव कसं लिहावं? ‘सौ.’ मात्र ठेवलं आहे. ते तू जाताना बरोबर घेऊन गेलीस.

आज लिहिण्याचं कारण तुझा भाऊ वासू. काल तो पावसहून आला होता. त्याला मुलगी झाली. बारसं गुरुवारी आहे. त्याच्या बायकोच्या मनात मुलीचं नाव यमुना ठेवायचं आहे आणि तुझ्या आईने ते साफ नाकारलं आहे. न ऐकणाऱ्या पोरीचं नाव ठेवलं की तसाच गुण लागतो, असं त्या म्हणाल्या म्हणे. वासू पोह्यांची बशी हातात धरून हे सांगत होता आणि अवघडून हसत होता. मग त्याने यायचं खरं कारण सांगितलं.

“आक्का, आई तुमच्याच शब्दाला मान देईल. चारचौघांत एवढंच म्हणा की तुम्ही ताईला क्षमा केलीत.”

मी हो म्हणाले.

ऐकतेस ना, यमू? मी त्याला हो म्हणाले. तो समाधानाने गेला, आणि बशी विसळताना माझ्या लक्षात आलं की येत्या गुरुवारी पावसच्या ओटीवर, बाळंतविड्याच्या ताटांसमोर उभी राहून मी तुला क्षमा करणार आहे. मी, तुला!

दुसरं काही सुचत नाही म्हणून लिहायला बसले आहे. रविवार आहे, शाळा बंद आहे, मुलींच्या निबंधांच्या वह्या समोर आहेत. एकही उघडली नाही.

तुझं आणि माझं कसं होतं ते तुला वेगळं सांगायला नको. तू पावसच्या बागायतदाराची मुलगी, मराठी चौथी झालेली. मी बालविधवा, वडिलांनी हट्टाने पुण्यास पाठवून शिकवलेली, संस्कृत घेऊन एम.ए. झालेली. माझ्या भावाशी, दत्तूशी तुझं लग्न झालं आणि दोन महिन्यांत तो सुरबायाला, मुंबईच्या एका कापडवाल्याच्या पेढीवर निघून गेला. तू माझ्या घरी राहिलीस आणि मी तुला सुधारायला घेतलं. तू ‘केलंन्’, ‘दिलान्’ म्हणालीस की मी शेवटचा न् तोडून वाक्य परत म्हणायला लावीत असे. तू म्हणायचीस. पुन्हा चुकायचीस. पुन्हा म्हणायचीस. तुला कधी राग आला नाही का गं? आला असेल तर तो दाखवलास का नाही?

दत्तूने तीन वर्षांनी तुला बोलावलं, तेव्हा उन्हाळ्याची सुटी होती म्हणून पोचवायला मी निघाले. मुंबईहून बोट, मग कोलंबो, सिंगापूर. त्या प्रवासात मी तुझं ‘इकडून’ काढायचं ठरवलं होतं. नवऱ्याचा उल्लेख ‘इकडून येणं झालं’, ‘इकडचं म्हणणं आहे’ असा करणारी बाई स्वतःच्या वाक्यातून कर्ताच हाकलून देते, असं मी तुला डेकवर बसून समजावलं. तू पदर तोंडाशी धरून विचारलंस, “मग काय म्हणू, वन्सं? दत्तू म्हणू? जीभ झडेल की माझी.” निदान ‘हे’ म्हण, असा तह झाला. सुरबायाचं बंदर येईपर्यंत तू ‘हे’ म्हणायला शिकलीस, आणि मी मनात त्या धड्यावर बरोबरची खूण केली.

दत्तूला तुला काहीतरी अपूर्व दाखवायचं होतं. सुरबायाच्या बेटाच्या पोटात अग्नी आहे आणि त्या अग्नीच्या तोंडापर्यंत घोड्यावर बसून जाता येतं, हे त्याने पत्रांतून कितीदा तरी लिहिलं होतं, आणि तोसारीच्या डोंगरावरच्या त्या थंड गावात आठ दिवस राहण्याचे पैसे त्याने वर्षभर आधीच भरून ठेवले होते. रत्नागिरीच्या माणसाने घोडा पाहायचा तो कलेक्टरसाहेबाचा. आपण दोघी घोड्यावर! मी निघण्यापूर्वी अश्वारोहणावरचं एक इंग्रजी पुस्तक मागवून वाचलं होतं. पाठ ताठ, टाचा खाली, लगाम दोन्ही हातांत समान. पहिल्या सकाळी मी तशीच बसले आणि माझं तट्टू जागचं हललं नाही.

तू नऊवारीचा कासोटा घट्ट केलास आणि ओंडक्यावर बसावं तशी बसलीस. घोडीच्या कानात काहीतरी पुटपुटलीस, “चल गो बाय,” आणि ती निघाली. सरिमान नावाचा तिथला डोंगरी वाटाड्या हसला. मी हसले नाही. पोक काढू नकोस, असं मी तुला मागून सांगितलं.

चार दिवस आपण हिंडलो. कोबीचे उतरते मळे, सुरूसारखी उंच झाडं, सकाळी पायांखालून जाणारं धुकं. दुसऱ्या दिवशी तो कडा उतरून आपण वाळूच्या समुद्रात गेलो. आपल्या कातळासारखं सपाट, पण कातळ तापतो आणि ही राखाडी वाळू गार होती. मधोमध तो डोंगर धुमसत होता. मी तुला सांगितलं की या डोंगराचं नाव ब्रह्म्यावरून पडलं आहे आणि वाळवंटाच्या नावात आपला ‘सागर’ आहे. तू हात जोडलेस. मग मी सांगतच राहिले. इथे गावाला देस म्हणतात, तो आपला देश. तोंडाला मुका म्हणतात, ते मुख. पापाला दोसा म्हणतात, तो दोष. माझी वही भरत होती. मला त्यांच्या भाषेतलं एक वाक्य बोलता येत नव्हतं, आणि तरी माझी खात्री झाली होती की ती भाषा मला त्या लोकांपेक्षा अधिक कळते.

तू मात्र स्वयंपाकिणीशी, मोतद्दाराशी, सरिमानशी बोलू लागली होतीस. मोडकंतोडकं, हातवारे करून. मला ते आवडलं नव्हतं, हे आज लिहून टाकते.

त्यातच तो शब्द आला. वाटेत खड्डा आला, फांदी आडवी आली, की सरिमान पुढून ओरडे, “आवास!” मी तो ऐकताक्षणी वहीत टिपला. आ आणि वस्. राहणे, थांबणे. आवास म्हणजे थांब! इतका शुद्ध शब्द इतक्या दूर, हजार वर्षं टिकलेला. तो ओरडला की आपली तट्टं थबकत असत, त्याने तर माझी खात्रीच पटली. तट्टं खड्डा पाहून थबकत होती हे मला दिसलं नाही.

मी तुला तो अर्थ सांगितला. तू घोडीच्या आयाळीत बोटं घालून जरा घुटमळलीस आणि म्हणालीस, “पण वन्सं, इकडचं म्हणणं आहे, आवास म्हणजे जपून.”

मी काय म्हणाले, आठवतं? “इकडच्या म्हणण्याला काय किंमत? घोडी वळणाऱ्यांना शब्दाचं मूळ ठाऊक असतं होय?”

तू खो खो हसलीस. पदर तोंडात कोंबून हसलीस, घोडीसुद्धा बिचकली. माझा विनोद साधला, असं मला वाटलं. ‘इकडचं’ म्हणजे या मुलखातलं, असा अर्थ मी घेतला; कारण ते दुसरं ‘इकडचं’ मी तुझ्या तोंडून काढून टाकलं आहे अशी माझी समजूत होती. तू मात्र जुन्या सवयीने तुझ्या नवऱ्याचं म्हणणं मला सांगत होतीस. आणि मी माझ्याच भावाला घोडी वळणारा ठरवलं, म्हणून तू हसत होतीस.

एवढंच का नाही सांगितलंस, यमू? ‘वन्सं, दत्तूने सांगितलंय’, तीन शब्द. जीभ झडली असती तर झडली असती. पण मी कोणत्या तोंडाने विचारते आहे? तू सांगितलं होतंस. तुझ्या भाषेत, पुरेपूर सांगितलं होतंस. ऐकून घेणारी मी होते.

पाचव्या दिवशी दत्तूला पेढीवरून तार आली. दोन दिवसांत परततो, म्हणाला. तू जरा हिरमुसलीस, तेव्हा तो तुझ्याकडे पाहून मला म्हणाला की आक्का सोबतीला आहे, मग मला कसली काळजी?

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण पुन्हा कडा उतरत होतो. पुढे सरिमान, मध्ये तू, मागे मी. आदल्या संध्याकाळी पाऊस झाला होता आणि वाट एका घोड्यापुरतीच होती. एका वळणाशी वरून खडे घरंगळले. लहान लहान, सुपारीएवढे. सरिमानने वर पाहिलं, ‘आवास, आवास’ असं दोनदा ओरडला आणि घोड्याला टाच मारून वळणापलीकडे गेला. तूही टाच मारलीस. घोडी दोन पावलं पुढे गेली.

मी ओरडले, “यमू, थांब! तो थांब म्हणतोय!”

तू लगाम ओढलास.

मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. त्या चेहऱ्याला भीती म्हणता येणार नाही. माझ्या वर्गात कधी कधी एखाद्या मुलीला बरोबर उत्तर ठाऊक असतं आणि मी घाईने तिला चूक ठरवते. तेव्हा ती जशी पाहते, तशी तू पाहिलंस. मग ती मुलगी जे करते तेच केलंस. बाईंचं खरं धरलंस. वळण चार पावलांवर होतं, यमू. मी मोजली आहेत. नऊ वर्षं मोजते आहे. ती पाच होत नाहीत की तीन होत नाहीत.

मग वरची माती आली.

पुढचं तुला सांगायचं नाही. तुझ्या मागचं, माझं सांगायचं आहे.

दत्तू दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. डोंगरातल्या त्या लोकांनी लाकडं रचली होती. सगळं उरकल्यावर सरिमान त्याच्याशी कितीतरी वेळ बोलला, पुन्हा पुन्हा तेच सांगत असावा. मग दत्तू माझ्याजवळ येऊन बसला.

“आक्का, हा आवास म्हणाला नव्हता का?”

“म्हणाला.”

“मग? तो शब्द तर तिला पक्का ठाऊक होता. बंदरावर पहिल्या दिवशी मीच सांगितला, आवास म्हणजे जपून. नंतर वाढतानासुद्धा म्हणायची, ‘आवास, आमटी गरम आहे.’” तो थोडा हसला, आणि ते हसू त्याला आवरेना. “हा म्हणतो, बाई चालती घोडी थांबवून उभ्या राहिल्या. का थांबली असेल गं?”

त्या घटकेला मला सगळं कळलं. शब्दाचा अर्थ कळला, तुझं ‘इकडचं’ कळलं, तुझं हसणंही कळलं. इतकं स्वच्छ मला आयुष्यात दुसरं काहीच कळलेलं नाही. आणि माझा एकुलता एक भाऊ तोंडाकडे पाहत असताना मी म्हणाले, “घाबरली. मी पुढे हो म्हणून ओरडत होते. तिने ऐकलं नाही.”

हे ते वाक्य. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे.

ते मी रत्नागिरीला आणलं. तुझ्या आईसमोर तसंच ठेवलं. त्या रडल्या नाहीत. उठून माझ्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, “पोरीनं तुमचं ऐकलंन् नाही हो. आमच्या वळणात खोट राहिली. तुम्हाला केवढा ताप झाला.” यमू, त्या माझी क्षमा मागत होत्या! तेव्हापासून दर वर्षी आंब्यांची पहिली करंडी माझ्याकडे येते आणि करंडी आणणाऱ्या गड्याबरोबर तोच निरोप येतो. मी ते आंबे वर्गातल्या मुलींना वाटते, एकही फोड तोंडात घालीत नाही, आणि यालाच मी प्रायश्चित्त समजत आले. किती स्वस्त!

तुझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तुझ्या आईने तिला माझ्यासमोर उभं करून सांगितलं, थोरल्या नणंदेचं ऐकत जा, यमूसारखं करू नकोस. मी अक्षता टाकल्या.

परतल्यावर दोन वर्षांनी पुण्याच्या एका मासिकात माझा लेख आला, त्या बेटावरच्या भाषेतल्या संस्कृत शब्दांवर. छत्तीस शब्द दिले होते. विद्वानांची पत्रं आली. एकाने लिहिलं, अशी काटेकोर यादी क्वचित पाहायला मिळते. सदतिसावा शब्द मी गाळला होता. तो संस्कृत नव्हता, म्हणून गाळणं योग्यच होतं, असंही मी स्वतःला पटवलं होतं. मी किती गोष्टी योग्यच केल्या आहेत, यमू!

अनेकदा मी तुझ्यावरच रागावले आहे. हेही लिहिते; आता काय लपवायचं? हिला एवढं कळत होतं तर हिने माझं का ऐकलं? डोळ्यांसमोर खडे पडत होते, वाटाड्या पळत होता, घोडीलाही पुढे जायचं होतं. आणि ही माझ्या तोंडाकडे पाहत थांबते! पण तसं ऐकायला तुला शिकवलं कोणी? तीन वर्षं रोज, एकेका न्-साठी, तुझ्या कानांना जे ऐकू येतं त्यापेक्षा मी सांगते ते खरं, हेच मी तुला शिकवत नव्हते का? तो एकच धडा तू पुरता शिकलीस.

तुझी आई म्हणते, तू ऐकलं नाहीस. यमू, तू ऐकलंस. ऐकलं नसतंस तर आज सुरबायाला दत्तूच्या पानावर आमटी वाढत असतीस.

काल वासू गेल्यापासून मी एक हिशेब मांडते आहे आणि तो सुटत नाही. गुरुवारी मी क्षमा केली, तर तुझं नाव घरात परत येईल. सगळे संतुष्ट होतील. ती मुलगी यमुना म्हणून वाढेल आणि तिला सांगतील, तुझी आत्या हट्टी होती, ऐकलंन् नाही, पण आक्कांनी मोठ्या मनाने क्षमा केली, म्हणून हे नाव. असं नाव तुला हवं आहे का? आणि खरं सांगितलं, तर? तुझी आई थकली आहे. मुलगी स्वतःच्या चुकीने गेली, हे दुःख तिने नऊ वर्षं पेललं. दुसऱ्याच्या घमेंडीने गेली, हे ती पेलू शकेल का? मी तिचं भलं पाहते आहे की पुन्हा स्वतःची कातडी वाचवते आहे, हेच मला कळत नाही. माझ्या मनावर माझा विश्वास उरलेला नाही. सांग ना काही! आयुष्यभर मी तुला एक प्रश्न विचारला नाही, नुसती उत्तरं दिली. आज विचारते आहे, तर तू गप्प.

दत्तू सुरबायालाच राहिला. त्याने दुसरं लग्न केलं नाही. दर दिवाळीला पत्र येतं, आणि प्रत्येक पत्रात असतं, ‘आक्का, तू स्वतःला दोष देऊ नकोस.’ खरं कळल्यावर तो मला पुन्हा आक्का म्हणणार नाही. त्याच्याखेरीज मला या जगात कोणी नाही, हे तुला ठाऊक आहे.

म्हणून त्याचं पत्र मी आधी लिहिलं. सकाळीच लिहिलं, एकटाकी, पुन्हा न वाचता. त्यात खाडाखोड असेल, एखादा र्‍हस्व-दीर्घ चुकला असेल. ते घेऊन बंदरावर गेले आणि मुंबईच्या आगबोटीने निघालेल्या शेजारच्या नाना वकिलांच्या हाती दिलं. उद्याच तिथल्या टपालात टाकतो, म्हणाले. बोट सुटेपर्यंत धक्क्यावर उभी होते. दोनदा त्यांना हाक मारावीशी वाटली. एकदा मारलीही, भोंग्यात ती कोणाला ऐकू गेली नाही. म्हणजे बघ, अजूनही मी अशी आहे.

आता उरलं पावस. गुरुवारपर्यंत थांबले तर माणसं जमतील, आणि माणसं जमली की मी चांगलं बोलते. त्या बोलण्याचीच मला भीती आहे. तेव्हा उद्या सकाळच्या पहिल्या तरीने भाट्याची खाडी ओलांडून मी तुझ्या आईकडे जाणार आहे. वासूलाही कळवलेलं नाही. तुझ्या आईसमोर खाली बसेन आणि सांगेन की यमूने ऐकलं. मी थांब म्हटलं म्हणून ती थांबली. आणि नऊ वर्षं मी खोटं बोलले. एवढंच. व्युत्पत्ती सांगणार नाही, धुकं होतं म्हणणार नाही, मलाही ठाऊक नव्हतं म्हणणार नाही. क्षमा मागणार नाही, कारण ती मागितली की त्यांना द्यावी लागेल. त्या तशा आहेत. नाव काय ठेवायचं ते मग त्यांचं त्या ठरवतील.

यमू, मी तुला वचन देते. माझी जीभ अडखळली तर अडखळत सांगेन. त्यांनी मध्येच थांबवलं तर थांबणार नाही. आणि त्यांनी मला घराबाहेर काढलं, तर अंगणात उभी राहून तेच वाक्य पुन्हा म्हणेन, बाळंतिणीच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

जिचं तू ऐकलंस ती,
तुझी वन्सं